गावच्या चौकात तोफ ठेवावी का? (द्रासची बोफोर्स बघून आल्यापासून डोक्यात आहे)

माणदेशी_वाट

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

गेल्या महिन्यात लेहवरून श्रीनगरला येताना द्रासच्या कारगिल युद्धस्मारकावर थांबलो. ड्रायव्हर म्हणाला अर्धा तास, लागले दोन तास. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हायवेला लागूनच आहे, तोलोलिंगच्या अगदी पायथ्याशी. आत गुलाबी दगडाची भिंत आणि तिच्यावर पितळी पाट्यांवर नावं, समोर ज्योत, बाजूला मनोज पांडेंच्या नावाची गॅलरी. एक जवान पर्यटकांचा घोळका गोळा करून खणखणीत आवाजात सगळी लढाई सांगतो, "वो सामने तोलोलिंग, उसके पीछे टायगर हिल", आणि मान वर केली की खरंच ते डोंगर समोर उभे असतात हो, फोटोतले नाही. आणि तिथंच आवारात बोफोर्स ठेवलीय.

आता खरा प्रश्न. आमच्या गावात (खटावच्या बाजूला, नाव लिहीत नाही, भांडणं आहेत तेवढी पुरेत) दोन जवान गेले, एक १९७१ ला, एक १९९९ ला. त्यांचं स्मारक करायचं घाटतंय. कमिटीत दोन तट पडलेत. तरुण पोरांना चौकात तोफ पाहिजे, जुनी बाद झालेली का असेना पण खरी. म्हाताऱ्यांना नुसता नावांचा दगड पाहिजे. मी आधी पोरांच्या बाजूचा होतो. पण द्रासला नावांच्या भिंतीसमोर कोणी बोलत नव्हतं आणि तोफेसमोर मात्र जत्रा, एकजण पोराला नळीवर बसवायला निघालेला, जवानानं शिट्टी मारली तेव्हा खाली घेतलं. तेव्हापासून माझं मत डळमळीत आहे.

तुम्हाला काय वाटतं? माणसं गेली त्यांच्या स्मारकात मारायचं यंत्र कशाला?

खडूस_कोथरूडकर

तोफ ठेवा. चार वर्षांनी तिच्यावर इच्छुक उमेदवाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल तेवढी तयारी ठेवा.

सायली_के

+१ फ्लेक्सला. नळीला दोरी बांधायला सोयीचं पण पडतं.

अण्णा_लिमये

माणदेशी, प्रश्न चांगला आहे आणि माझं मत स्पष्ट आहे, तोफ नको. आमच्या लहानपणी बोफोर्स हा शब्द तोफेसाठी नव्हताच मुळी, घोटाळ्यासाठी होता. मार्च १९८६ ला स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी करार झाला, ४१० तोफा, एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओनं लाच दिल्याची बातमी दिली आणि पुढं दोन वर्षं पेपरात दुसरं काही नव्हतं. लाचेचा ६४ कोटी हा आकडा आम्हाला पाढ्यासारखा पाठ. १९८९ ची निवडणूक त्याच्यावर फिरली. आता तीच बोफोर्स स्मारकात उभी आणि लोक तिला नमस्कार करतायत, हे बघून गंमत वाटते. यंत्राला ना पाप ना पुण्य. नाव माणसाचंच लिहावं.

तात्या_टोपीवाला

अण्णा, घोटाळा कागदावर झाला, तोफ डोंगरात लढली. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं पुसत नाही.

थोडी माहिती टाकतो, पोरांना कमिटीत बोलायला उपयोगी पडेल. १५५ मिमी व्यासाची तोफ, नळीची लांबी ३९ कॅलिबर, म्हणजे १५५ गुणिले ३९, जवळपास ६ मीटर. वजन १२ टनाच्या आसपास. एक गोळा ४० किलोच्या वर, म्हणजे सिमेंटचं पोतं थोडं कमी भरलेलं. आणि तीन गोळे १५ सेकंदाच्या आत सुटायचे. हिला स्वतःचं छोटं इंजिन आहे, गोळे टाकले की समोरच्याला पत्ता लागायच्या आत थोडीफार जागा स्वतःच बदलू शकते. द्रासला उंची जवळपास ११ हजार फूट, हवा विरळ, त्यामुळं गोळा मैदानात जातो त्यापेक्षा लांब जायचा.

१९९९ ला सगळ्या प्रकारच्या मिळून ३०० च्या आसपास तोफा, मॉर्टर आणि रॉकेट लाँचर कामाला होते आणि अडीच लाख गोळे, बॉम्ब, रॉकेट उडाले. टायगर हिल घेतली त्या एकट्या दिवशी ९ हजार. ऐन चढाईच्या काळात एकेक बॅटरी (तोफांची तुकडी) मिनिटाला एक गोळा या हिशोबानं १७ दिवस सलग चालली होती. पायदळ त्या कड्यावर चढत होतं तेव्हा वरच्या बंकरमधल्याला डोकं वर काढू न देणं हे काम कुणाचं होतं? म्हणून ती तोफ तिथं आहे. शोभेला नाही.

अण्णा_लिमये

तात्या, आकडे मान्य. पण तुम्हीच सांगा, अडीच लाख गोळे उडवणाऱ्या एका तरी माणसाचं नाव तुम्हाला माहितीय का? बात्रा माहिती, पांडे माहिती, ते पायदळातले. तोफेमागची माणसं कोण होती? तोफ ठेवली की लोक तोफ बघतात, माणूस नाही. माझा मुद्दा तोच आहे.

तात्या_टोपीवाला

हं. हे मात्र पटलं.

झणझणीत_मिसळ

तोफ आली म्हणजे पानिपत येणारच, मीच आणतो.

लाहोरला म्युझियमसमोर रस्त्याच्या मधोमध 'जमजमा' तोफ आहे. १७५७ ची, अब्दालीच्या वजिरानं ओतून घेतलेली, तांब्यापितळेसाठी लाहोरच्या घराघरांतून भांडी गोळा केली असं सांगतात. तीच १७६१ ला पानिपतात आपल्यावर चालली. आज तिच्या चौथऱ्याला वळसा घालून रिक्षा जातात. म्हणजे बघा, एकाची शौर्याची निशाणी ती दुसऱ्याची…

खडूस_कोथरूडकर

पानिपत आलं. चला, धागा आता दोनशेच्या खाली थांबत नाही.

सायली_के

कृपया इब्राहिमखान गारदीवर वेगळा धागा काढा 😄

हुगळीकाठची_वहिनी

मी गेली बारा वर्षं कोलकात्यात. मिसळ यांच्या मुद्द्याला जोड.

इथं प्रिन्सेप घाटाजवळ नदीकाठी ग्वाल्हेर मॉन्युमेंट म्हणून एक अष्टकोनी मनोरा आहे, वर घुमट. आकारावरून लोक त्याला पेपरपॉट म्हणतात, म्हणजे आपली मिरपुडीची डबी. २९ डिसेंबर १८४३ ला शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांच्या दोन लढाया झाल्या, महाराजपूर आणि पनियार, एकाच दिवशी. त्यात इंग्रजांचे जे मेले त्यांचं हे स्मारक. आणि त्याच्यासाठी धातू कुठून आणला? शिंद्यांच्या पकडलेल्या तोफा वितळवून.

म्हणजे आपल्या तोफा आहेत तिथं, फक्त त्या आता तोफा राहिल्या नाहीत. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मुलीला घेऊन गेले. ती म्हणाली, "आई यात तोफ कुठंय?" काय सांगणार! समोर एक जोडपं शेंगदाणे खात बसलेलं.

झणझणीत_मिसळ

वहिनी, हे माहिती नव्हतं. अंगावर काटा आला आणि शेंगदाण्यांनी गेला पण.

कांगारू_काका

मी कॅनबेराचा. इथल्या वॉर मेमोरियलमध्ये 'एमियन्स गन' आहे, तिचीही गोष्ट ऐका. जर्मनांची रेल्वेवरची तोफ, २८ सेंटीमीटर तोंड. ८ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समध्ये ऑस्ट्रेलियन फौजेनं पकडली. गाडीला विमानाच्या हल्ल्यात आग लागलेली. मग दोनचार सॅपरनी (फौजेतले इंजिनिअर) जळते डबे सोडवले आणि इंजिनसकट तोफ आपल्या बाजूला चालवत आणली. पुढं ती पॅरिसला मांडली, लंडनमार्गे बोटीनं सिडनीला आली, तिथून कॅनबेराला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा कामाला जुंपली, गोळ्यांच्या चाचणीसाठी नेली. खालचा गाडा पुढं भंगारात गेला. आता राहिलीय फक्त नळी.

आणि ती नक्की पकडली कुणी, कुठल्या तुकडीचं नाव तिच्यावर रंगवायचं, यावरून जुंपलेली. माणदेशी, कमिटीतली भांडणं फक्त खटावात होत नाहीत, जीवाला लावून घेऊ नका.

माणदेशी_वाट

काका 🙏 आमच्याकडे नावाचा वाद नाही. वाद कुठला आहे सांगू का, हसू नका. तोफ आलीच तर तिचं तोंड कुठं करायचं!

चौकाच्या चार बाजूंना चार गोष्टी आहेत. मारुतीचं देऊळ, झेडपीची शाळा, सोसायटीचं ऑफिस आणि माजी सरपंचांचा वाडा. देवळाकडं तोंड करता येत नाही. शाळेकडं बरं दिसत नाही. सोसायटीकडं केलं तर चेअरमन म्हणतो माझ्यावर रोख आहे. वाड्याकडं केलं तर विषयच संपला.

खडूस_कोथरूडकर

आकाशाकडे करा. पाऊस पडत नाही तुमच्याकडे, त्यालाच दम द्या.

सायली_के

🤣🤣 माणदेशात याला एकमतानं मंजुरी मिळेल.

कांगारू_काका

तोंडाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. लंडनला हाइड पार्क कॉर्नरला रॉयल आर्टिलरीचं स्मारक आहे, १९२५ चं. वर दगडात कोरलेली हॉवित्झर, अगदी नटबोल्टसकट. तिचा रोख असा ठेवलाय की गोळा सुटला तर फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर (पहिलं महायुद्ध) पडेल असं म्हणतात. पण मला त्यातलं लक्षात राहिलं ते खालचं. चारही बाजूंना ब्राँझचे सैनिक आहेत आणि त्यातला एक मेलेला, अंगावर ओव्हरकोट टाकलेला, चेहरा झाकलेला. नुसते बूट आणि हात दिसतात. तेव्हा लोकांना ते आवडलं नव्हतं, स्मारकात असं प्रेत कशाला म्हणून ओरड झाली. अण्णांना हे स्मारक पटेल असं वाटतं, तोफही आहे आणि माणूसही.

अण्णा_लिमये

फोटो शोधून बघितला. पटलं. तोफ असून पटलं असं लिहावं लागतंय, याची नोंद घ्यावी.

मुरुडची_मासळी

आमच्याकडे जंजिऱ्यावर कलाल बांगडी आहे, पंचधातूची, उन्हात पण म्हणे तापत नाही. सुट्टीच्या दिवशी बोटीतून उतरलेलं निम्मं पब्लिक तिच्यावर घोड्यासारखं बसतं. गाइड ओरडून ओरडून दमतो. तोफ दिसली की माणसाला बसावंसंच का वाटतं हा संशोधनाचा विषय आहे. तरी म्हणते ठेवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण खंडेनवमीला कोयता-विळ्याला पण फुलं वाहतो. शस्त्र समोर ठेवलं म्हणजे मारामारीची हौस असा अर्थ होत नाही.

गनरची_लेक

नेहमी वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

माझे बाबा तोफखान्यात होते, देवळालीला ट्रेनिंग, हवालदार म्हणून रिटायर. १९९९ ला द्रास सेक्टरला होते. अण्णाकाका, तुम्ही विचारलंत ना तोफेमागची माणसं कोण, त्यातला एक आत्ता आमच्या गॅलरीत पेपर वाचतोय आणि टीव्हीचा आवाज फुल्ल आहे, कारण डावा कान तेव्हाच गेला.

एक गोष्ट सांगते, इथं बऱ्याच जणांना माहिती नसेल. पायदळाच्या पलटणींना निशाण असतं, कलर्स म्हणतात. तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, तोफ हेच निशाण. तिला सॅल्यूट करतात. त्यामुळं द्रासला ती तोफ ठेवली म्हणजे मारायचं यंत्र ठेवलं असं बाबांसारख्यांना वाटत नाही, त्यांच्यासाठी तो झेंडा रोवलाय. आणि झेंड्यावर पोरगं बसवायचं नसतं, म्हणून शिट्टी.

तोफखान्याचा दिवस २८ सप्टेंबर असतो, तो पण आपल्याकडचाच. १८२७ ला त्या तारखेला मुंबईच्या फौजेत गोलंदाज कंपनी उभी राहिली, तीच पुढं ५ बॉम्बे माउंटन बॅटरी. बाबा दरवर्षी त्या दिवशी शर्टाला इस्त्री करतात, जायचं कुठंच नसतं.

झणझणीत_मिसळ

ताई, बाबांना नमस्कार सांगा.

अवांतर: गोलंदाज म्हणजे मूळचा तोफवाला, हे डोक्यात लख्ख पडलं आज. आम्ही आयुष्यभर बॉल टाकणाऱ्यालाच म्हणत आलो.

खडूस_कोथरूडकर

श्रीरामपूरच्या झहीरचा यॉर्कर बघितला असता तर अब्दालीनं पण फरक केला नसता.

(गनरची_लेक, विनोद बाजूला. अजून लिहा.)

गनरची_लेक

लिहिते. दोन वर्षांपूर्वी बाबांना द्रासला घेऊन गेलो, मी, नवरा आणि माझा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा. मला वाटलं होतं बाबा भिंतीपाशी जातील, रडतील वगैरे, मी पर्समध्ये रुमाल काढून ठेवलेला. ते भिंतीपाशी गेले, तीन नावांवर बोट फिरवलं, काही बोलले नाहीत. मग तोफेकडं आले. टाचा जुळवून सॅल्यूट केला. वारा एवढा की टोपी धरून.

तेवढ्यात आमचं कार्टं फिरत फिरत तोफेच्या मागं जाऊन उभं राहिलं, बरोबर ब्रीचच्या मागं, म्हणजे गोळा भरतात त्या टोकाला. बाबांनी एवढ्या जोरात ओरडून त्याला दंडाला धरून ओढलं की आजूबाजूची माणसं बघायला लागली. पोरगं घाबरून रडायला लागलं. मी म्हटलं बाबा काय झालं, बंद आहे ती. तर म्हणाले, "रिकॉइल येतं मागं. तिथं उभं राहायचं नसतं."

आणि मग स्वतःच ओशाळले. मुलाला खिशातली गोळी दिली, लिमलेटची.

त्या दिवशी तिथं दुसरं काय बघितलं मला आठवत नाही.

हुगळीकाठची_वहिनी

…

मुरुडची_मासळी

बाबांच्या हातची लिमलेटची गोळी पाहिजे मला पण.

अण्णा_लिमये

गनरची लेक, मी वर "यंत्राला ना पाप ना पुण्य" असं लिहिलं होतं. ते वाक्य मागं घेत नाही, पण तुमच्या बाबांसमोर म्हणणार नाही.

तात्या_टोपीवाला

ताई, बाबांना एक विचाराल का? द्रासला काही ठिकाणी तोफा थेट नजरेच्या टप्प्यात आणून सरळ डोंगरावर मारल्या होत्या ना? एरवी तोफखाना मागं असतो, लक्ष्य दिसतसुद्धा नाही, पुढं ओपीवर (टेहळणीच्या ठाण्यावर) बसलेला अधिकारी वायरलेसवर आकडे देतो तसं मारतात. म्हणजे त्या वेळी समोरचा पण यांना बघत होता.

गनरची_लेक

विचारलं. म्हणाले, "हो, मारल्या. आपल्याला तो दिसला की त्याला आपण दिसतो." मग म्हणाले चहा टाक.

एक मात्र आपणहून बोलले. तो हायवे, ज्याच्यावर आता तुमच्या टुरिस्ट गाड्या जातात, तो वरून तोलोलिंगवरून पूर्ण दिसायचा, आणि १३ जूनला तोलोलिंग हातात येईपर्यंत पाकिस्तानी वरून बघून बघून रस्त्यावर गोळे टाकत होते. ट्रक रात्री दिवे बंद करून जायचे. स्मारक त्या रस्त्यालाच लागून आहे म्हणून त्यांना ते बरं वाटतं.

वीजबिल_विनायक

उशिरा आलो. अण्णांच्या घोटाळ्याच्या मुद्द्यावर एकच भर. त्या प्रकरणाचा सगळ्यात मोठा तोटा लाचेचा नाही. पुढं जवळपास तीस वर्षं नवी मोठी तोफ घ्यायलाच कुणी धजावलं नाही. सुटे भाग मिळेनात, एका तोफेचे काढून दुसरीला लावायचे. शेवटी नोव्हेंबर २०१८ ला आपल्या देवळालीतच एम-७७७ आणि के-९ वज्र या नव्या तोफा सैन्यात दाखल झाल्या. बोफोर्सच्याच ड्रॉइंगवरून पुढं जबलपूरला 'धनुष' झाली ती २०१९ ला. ड्रॉइंग कपाटात ऐंशीच्या दशकापासून होती!

खडूस_कोथरूडकर

आमच्या सोसायटीच्या लिफ्टची ड्रॉइंग पण कपाटात आहेत. २०४० ला बघू.

सायली_के

धागाकर्ते कुठे गायब? मीटिंगचं काय झालं?

माणदेशी_वाट

आलो आलो. काल मीटिंग झाली, साडेतीन तास, दोनदा चहा.

गनरची_लेक, तुमचा प्रतिसाद मी मोबाईलवरून वाचून दाखवला, परवानगी न घेता, माफ करा. रिकॉइलपाशी आलो तेव्हा आमचे एक आप्पा आहेत, १९९९ च्या जवानाचे वडील, ते आत्तापर्यंत एका मीटिंगला बोलले नव्हते. ते म्हणाले, "दगड आधी करा. दोघांची नावं, पलटण, तारीख. वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे." तर ते ठरलं, एकमतानं, आमच्या गावात एकमत म्हणजे बातमी आहे.

तोफेचं म्हणाल तर पोरं ऐकत नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायची, मिळाली तर बघू, असं. अट एकच घातली, चौथरा उंच करायचा नाही, त्याच्याभोवती साखळी, आणि फ्लेक्स दिसला की काढणाऱ्याला कुणी आडवं यायचं नाही.

तोंडाचा प्रश्न मात्र तसाच आहे. सोसायटीचे चेअरमन उठून गेले.

अण्णा_लिमये

आप्पांना माझा दंडवत सांगा.

गनरची_लेक

माफी कसली! बाबांना सांगितलं की गावात वाचून दाखवलं तर लाजले. तोंडाचं पण विचारलं त्यांना. म्हणाले, "तोंड कुठंही करा, मागं जागा सोडा म्हणावं."

माणदेशी_वाट

मागं मारुती येतोय. किती फूट सोडायची विचारा ना.

गनरची_लेक

उद्या विचारते, झोपले आता.